सूर्याची लेक

मे महिन्यात अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या डोंगररांगेत गेले तेव्हा डोक्यात फक्त स्कार्लेट टॅनेजर हा पक्षी होता, लालभडक अंग आणि काळेकुळकुळीत पंख, आणि शरद ऋतूत नराचा हा लाल रंग पार उतरतो, हिरवट पिवळा होऊन तो दक्षिण अमेरिकेकडे निघतो, म्हणजे बघायचा तर आत्ताच. दिसला! ओकच्या अगदी शेंड्यावर, मान दुखेपर्यंत बघितला.

पण मनात घर केलं ते कार्डिनलने. हा कुठे जात नाही, बाराही महिने तिथेच. नॉर्थ कॅरोलायनासकट 7 राज्यांचा राज्यपक्षी आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना त्याचं फार काही वाटत नसावं, मी मात्र ओकोनालुफ्टी नदीकाठी अर्धा तास एकाच झुडपासमोर उभी होते. नर डोक्यावरच्या तुऱ्यापासून शेपटीपर्यंत लाल, चोचसुद्धा लालसर केशरी, आणि तिच्याभोवती काजळ फासल्यासारखा काळा मुखवटा.

हा सगळा मुलुख चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांचा, आणि त्यांच्या कथेत सूर्य ही बाई आहे. तिच्या लेकीला चुकून साप चावतो, ती मरते. आई दुःखाने घराबाहेरच येईना, जगात अंधार. मग सात माणसं मृतांच्या देशात जाऊन लेकीला पेटीत घालून आणतात, अट एकच, झाकण उघडायचं नाही. वाटेत ती म्हणते बाहेर काढा, मग भूक लागलीय, मग तहान लागलीय, कोणी ऐकत नाही, पण घर जवळ आल्यावर म्हणते जीव गुदमरतोय, तेव्हा ते घाबरून झाकण जरासंच वर करतात. काहीतरी फडफडत झाडीत जातं आणि आवाज येतो, क्विश क्विश क्विश. घरी येऊन बघतात तर पेटी रिकामी. तेव्हापासून गेलेलं माणूस परत आणता येत नाही, आणि लाल पक्षी, म्हणजे हाच कार्डिनल, ही सूर्याची लेक.

हे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झुडपापाशी गेले, या वेळी मादी शोधायला, कारण लेक म्हटलं की मादीच ना. ती बदामी रंगाची, तुरा, पंख आणि शेपटीवर फक्त लालीची छटा. बऱ्याच पक्ष्यांत गाणं नराचं, पण कार्डिनलची मादीही गाते. पानांआड ती गात होती, मध्येच थांबली, आणि पलीकडून नराने तीच शीळ उचलली.