घाई न करण्याचा निर्णय

बाबांच्या बायोप्सीच्या अहवालात प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झाले तेव्हा शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे, यावर सारे नातेवाईक एकमताने ठाम होते. ग्लीसन स्कोअर (कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा अंक) ६, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्तातील पातळी) १० च्या आत आणि आजार प्रोस्टेट ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर लगेच उपचार न करता पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणे हाही मान्यताप्राप्त मार्ग आहे, हे परळला दुसरे मत घेतल्यावर समजले.

ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागणी झाली होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण मात्र जवळपास दुप्पट होते. हा ‘मात्र’ नातेवाईकांनी अचूक पकडला.

बाबांचा विचार अधिक व्यवहारी होता. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा सुटण्याची शक्यता, किरणोपचारांमुळे होऊ शकणारा शौचाचा त्रास आणि दोन्हींत लैंगिक क्षमतेवर होणारा परिणाम (हा विषय निघताच त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले) त्यांनी नीट समजून घेतला. डोंबिवलीच्या लोकलमध्ये तासभर उभे राहणाऱ्या माणसाला लघवीवरचा ताबा ही किरकोळ बाब वाटत नाही. त्यांनी देखरेख निवडली. आजार वाढल्याचे दिसले, तर किरणोपचार घ्यायचे असेही त्यांनी ठरवून ठेवले आहे.