चौथी सीट

काल त्या मुलीला मी म्हणाले, "ही माझी जागा आहे." लोकलमध्ये! डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत जागा कुणाची असते? ती काही बोलली नाही. बॅग उचलून दारापाशी गेली आणि थेट दादरपर्यंत उभी राहिली. मी खिडकीत बसले, मोबाइल काढला, पण नजर सारखी तिच्याकडेच जात होती.

रात्री झोप लागेना. अकरा वर्षं तीच फास्ट, तोच मधला लेडीज डबा, तीच खिडकी. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच तर आहे, घरात तरी मला कुठे... ते जाऊ दे. वहिनी म्हणाल्या, "अगं, सगळ्याच करतात." करतात, खरंय. पण 'माझी' हा शब्द किती सहज आला तोंडात! चहातली साखर सोडली तेव्हा घरभर कौतुक झालं होतं. ही सवय कुणाला दिसलीच नाही, मलाही नाही.

आज मुद्दाम लवकर निघून स्लो पकडली. उभ्याने. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. आमची फास्ट इथे थांबतच नाही. दिव्याला बायका जीव मुठीत धरून चढतात, ते आज अंगावर आलं. मुंब्र्याच्या डोंगरावरचं देवीचं देऊळ मान वर करून पाहिलं, आपसूक हात जोडले गेले.

ठाण्यानंतर घड्याळ बघत होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन निघालेली पहिली गाडी ठाण्याला पोचली तीही साधारण तासाभरात. आजच्या स्लोलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. फास्टने वाचतात पंधरा-वीस मिनिटं. त्यांच्यासाठी मी रोज पुलावरून धावत जिना उतरते, आई फोनवर असली तरी "नंतर बोलू" म्हणते.

भांडुपला एक आजी सरकल्या. "टेक गं, किती वेळ उभी आहेस!" तिघींच्या बाकावरची चौथी सीट, अर्धं अंग बाहेर. डोळे भरून आले माझे. कालच्या मुलीला एवढंही कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच.

आठवड्यातून दोन दिवस स्लोने जायचं ठरवलंय. उद्या मात्र आमचीच गाडी. ती मुलगी दिसली तर काय बोलावं, अजून सुचत नाही. खिडकीत बसलेली असली तर बरं होईल. मी त्याच बाकावर चौथी बसेन.