मिरची कुटली, बिल दुकानाचं आलं

लालबागला आमचा मसाला कुटून द्यायचा धंदा आहे. दोन डंख, म्हणजे कुटायची यंत्रं, एक चक्की आणि हळकुंडं फोडायचं जुनं यंत्र, सगळं मिळून 20 हॉर्सपॉवर. मार्च ते मे गाळ्यात उभं राहायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशी मिरची देठं काढून, उन्हं दाखवून, पिशव्यांत भरून बायका सकाळी सातलाच रांगेत. पाऊस लागला की डंख गप्प होतात. बेस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वीज-बस उपक्रमाच्या वीजबिलातला स्थिर आकार मात्र बाराही महिने येतो, तो काही गप्प बसत नाही.

इतकी वर्षं मी बिलावरचा एकच आकडा बघत होतो, सगळ्यात खालचा. 2018 च्या मे महिन्यात अमेरिकेहून मेहुणा आला होता. तिकडे त्याचं छोटं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याने बिल उचललं आणि विचारलं, "दाजी, यात फ्रँचायझी फी कुठे आहे?"

मी म्हटलं, आपल्याकडे विजेतली फ्रँचायझी म्हणजे भिवंडी. तिथे 2007 पासून वितरण खासगी कंपनीकडे दिलंय, आपला काय संबंध? तर त्याचं म्हणणं वेगळंच. त्याच्या गावात वीज, गॅस, केबलच्या कंपन्या रस्त्यालगत खांब रोवतात, नळ्या टाकतात. त्या जागेबद्दल गावची नगरपालिका त्यांच्याकडून उत्पन्नाचा हिस्सा घेते. केबलवर तो 5 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, असा केंद्राचा कायदा आहे. कंपनी तो हिस्सा गिऱ्हाइकाच्या बिलात लावून मोकळी होते. "पैसे घेतं गाव, पण वसुलीला बसवलंय वीजवाल्याला. दुकानात चार फ्रीज असले की समजतं," तो म्हणाला.

मग आम्ही दोघांनी माझं बिल ओळीओळीने वाचलं. स्थिर आकार, ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्या सगळ्यांखाली वीज शुल्क, 21 टक्के. शिवाय युनिटमागे पैशांत लागणारा वीज विक्री कर. या शेवटच्या दोन ओळींचे पैसे राज्य सरकारचे, महापालिकेच्या तिजोरीत त्यातलं काही जात नाही. पण वसुलीची रीत मेहुण्याच्या गावासारखीच. आणि टक्केवारीची गंमत अशी की दर वाढला, इंधन महागलं की सरकारने बोटसुद्धा न हलवता शुल्क आपोआप वाढतं. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे आमच्या जीएसटीतून या शुल्काची वजावटही नाही. त्या मे महिन्यात कर लागायच्या आधीची रक्कम 20 हजारांच्या घरात होती. त्यावर 4,200 नुसतं शुल्क. तेवढे पैसे मिळवायला किती मिरची कुटावी लागते ते माझ्या खांद्याला विचारा.

खरा धक्का वरच्या कोपऱ्यात होता. वर्गवारी: व्यापारी. आमच्या गाळ्यात आजोबांच्या वेळी किराणा होता. बाबांनी पुढे डंख बसवले, वायरिंग बदललं, भार वाढवून घेतला, पण वापर बदलल्याचं कळवायचं राहून गेलं. चूक आमचीच. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात पिठाची गिरणी, डाळ मिल, मसाला मिल या सगळ्या उद्योगात धरतात. उद्योगाचं शुल्क व्यापाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे मिरची कुटत होतो आणि पैसे साड्या विकणाऱ्याच्या दराने भरत होतो.

अर्ज साधा, त्याच्या आधीचं सगळं अवघड. मीटर बाबांच्या नावावर, बाबा वारले 2011 साली. गाळा पागडीचा, भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने. मीटरवरचं नाव बदलायला भाडेपावती हवी आणि पावतीवरचं नाव बदलायला मालक हवा. मालकाचे तीन मुलगे, तिघांचं एकमेकांशी पटत नाही. मी तीन रविवार तीन घरी चहा प्यायलो. शेवटी थोरल्या मुलाने पावती करून दिली, त्याचा मोबदला किती ते इथे लिहीत नाही, आई वाचेल. मग बाबांचा मृत्यू दाखला, आईचं आणि बहिणीचं ना-हरकत पत्र. बहीण पनवेलहून सही करायला आली आणि जाताना दोन किलो मालवणी मसाला घेऊन गेली.

बाकीची कागदं घरात होती, फक्त तीन वेगवेगळ्या डब्यांत. महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डातून काढलेला, महापालिका कायद्याच्या कलम 394 चा धंद्याचा परवाना, गुमास्ता म्हणजे दुकान नोंदणी, अन्न परवाना, छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं तेव्हाचं उद्योग आधार. परवानाधारक वायरमनकडून चाचणी अहवाल घेतला. भाराचा तक्ता करताना तो म्हणाला, "शेठ, आणखी एखादी मोटर घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, 20 किलोवॉटच्या पुढे दराचा टप्पा बदलतो." 20 हॉर्सपॉवर म्हणजे 15 किलोवॉटच्या आत. मोठी चक्की घ्यायचं माझ्या मनात होतं, ते तिथेच मनात राहिलं.

तपासणीला साहेब आले ते ऐन डंख चालू असताना. त्यांना बघायचं होतं की इथे खरोखर कुटतात की नुसती पाकिटं विकतात. दारातच सात-आठ शिंका आल्या. रुमालातून म्हणाले, "कळलं, कळलं." पण पुढच्या खणात आम्ही तयार मसाल्याची पाकिटं ठेवतो, वजनकाटा आहे, ट्यूबलाइट आहे. ते म्हणाले, विक्रीचा भाग याच मीटरवर चालणार नाही, तो व्यापारीच राहील. मी वाद घालायच्या तयारीत होतो, पण त्यांचं बरोबर होतं. पुढच्या खणाला वेगळा मीटर घेतला. त्याची वेगळी ठेव, वेगळा स्थिर आकार. हिशेब मांडला तेव्हा उन्हाळ्यात फायदा, पावसाळ्यात जेमतेम बरोबरी. तरी केलं.

या सगळ्यात जुनी बिलं काढावी लागली. त्यात आणखी एक ओळ सापडली, जी आता येत नाही: टीडीएलआर. परिवहनाची तूट वीज ग्राहकांकडून भरून काढायची ती वसुली. 1947 साली महापालिकेने ट्राम आणि वीज चालवणारी कंपनी एकदमच ताब्यात घेतली, तेव्हापासून शहरात कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत दिवा आणि बस एकाच घरात नांदतात. बस तोट्यात गेली की दिव्याने हात पुढे करायचा. हॉटेलवाल्यांची संघटना याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तिथेही वसुली कायम राहिली. नंतर ती थांबली. मेहुण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुझी फ्रँचायझी फी हीच!" मला तसं पूर्ण पटत नाही. आमच्या कामगारांपैकी दोघे त्याच बसने येतात, तिकीट स्वस्त आहे म्हणून वेळेवर येतात. फक्त कोणीतरी विचारून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच. पलीकडे उपनगरात लोकांना त्याच तारांवर कंपनी बदलता येते. आम्हाला ती सोय नाही, कारण कायद्याने स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे महापालिकेसारख्या संस्थेच्या, वीजपुरवठ्याला त्यातून सूट आहे.

अर्जानंतरच्या दुसऱ्या बिलावर वर्गवारी बदलून आली. मागचे पैसे अर्थात नाहीत, कारण मागे आम्ही कळवलंच नव्हतं. आईने विचारलं, "मग आता कुटायचा भाव कमी करणार?" मी म्हटलं, नाही, पण यंदा वाढवणार नाही. गेल्या वर्षी किलोमागे दोन रुपये वाढवले तेव्हा चिंचपोकळीच्या एका आजींनी पिशवी उचलून समोरच्या डंखावर नेली होती. त्या या मोसमात परत आल्या. भावाबद्दल काही बोलल्या नाहीत, फक्त त्रिफळं वेगळी कुटायला सांगितली.

आता गल्लीतले लोक बिलं घेऊन येतात. परवा शेजारचे हळदवाले काका आले, प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभराची बिलं घालून. हळदीने इतकी पिवळी झाली होती की वर्गवारीचा रकानाच वाचता येईना. "ग्राहक क्रमांक तरी सांगा," म्हटलं. काका म्हणाले, "तो पाठ आहे. थांब, लिही."