आठ सेकंदांची मर्यादा

लेस्टरमधील एका लहानशा इंटरनेट रेडिओ केंद्रात मी ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करतो. कौंटी क्रिकेटच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांत चालणाऱ्या क्रिकेटच्या, चाहत्यांसाठी दर शुक्रवारी संध्याकाळी तासाभराचा गप्पांचा कार्यक्रम सुरू करावा, ही कल्पना मात्र माझी नव्हती. ती होती माझ्या सहनिवेदकाची. हे निवृत्त शिक्षक लेस्टरशायरचे जुने पाठीराखे आहेत आणि 1975 साली या कौंटीने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांचे म्हणणे असे की, बीबीसीची स्थानिक केंद्रे कौंटी सामन्यांचे चेंडूगणिक समालोचन ऑनलाइन देतात, ते उत्तमच आहे. पण खेळ थांबला की तो आवाजही थांबतो, आणि चार दिवसांचा सामना घरी एकट्याने ऐकणाऱ्या माणसाला नेमकी त्याच वेळी कोणाशी तरी बोलायची इच्छा होते. मी मूळचा सांगलीचा. बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन आमच्या वडिलांनी ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकले आणि त्यातली वाक्ये आम्हाला जेवताना ऐकवली. त्यामुळे मला हे म्हणणे लगेच पटले.

तयारीला सहा आठवडे लागले. केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या रेडिओला इथे प्रसारणाचा सरकारी परवाना लागत नाही. मात्र गाणी वाजवायची तर संगीताचे परवाने घ्यावे लागतात, आणि तो खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. तेव्हा गाणी नाहीत असे ठरले. सामन्याच्या धावत्या वर्णनाचे हक्कही आमच्याकडे नव्हते. उरले ते केवळ बोलणे. सहनिवेदकाच्या भाच्याने गिटारवर वाजवलेली दोन मिनिटांची एक धून तेवढी आम्ही अडीअडचणीसाठी ध्वनिमुद्रित करून ठेवली, आणि सर्व घोटाळा पुढे तिनेच केला.

ही धून कशासाठी होती ते सांगणे आवश्यक आहे. रेडिओच्या धंद्यात ‘डेड एअर’ म्हणजे प्रसारणातली निःशब्द पोकळी, आणि तिच्याइतकी भीती आम्हाला कशाचीच वाटत नाही. एखादी वायर सुटली किंवा निवेदकाचा माइक बंद राहिला तर श्रोत्याला वाटते की केंद्रच बंद पडले, आणि तो निघून जातो. म्हणून आमच्या संगणकावर एक पहारेकरी बसवलेला असतो: ठरावीक सेकंद आवाज आला नाही की तो आपणहून राखीव संगीत सुरू करतो. पूर्वी मी ज्या केंद्रात होतो तिथे ही मर्यादा आठ सेकंदांची होती. मी डोळे मिटून तीच इथेही ठेवली.

पहिला कार्यक्रम एप्रिलमधल्या एका शुक्रवारी होता. कौंटीचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू होतो आणि त्या महिन्यातले इंग्लंडचे हवामान क्रिकेटला कितपत मानवते, हे वेगळे सांगायला नको. त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. वीस मिनिटांच्या धावफलकाचे आणि त्यावरील टिप्पणीचे जे टिपण मी बनवले होते, ते चार मिनिटांत संपले, कारण बहुतेक मैदानांविषयी सांगण्यासारखे एकच होते: आच्छादने निघालीच नाहीत. पडद्यावर श्रोत्यांचा आकडा नऊ दिसत होता, त्यातले तीन आम्हीच होतो.

मग सॉमरसेटच्या एका बाईंचा फोन आला. आपल्या संघाला आजवर एकदाही अजिंक्यपद मिळालेले नाही, ही हकीकत त्यांनी अशा समंजस आवाजात सांगितली की, जणू घरातल्या जुन्या दुखण्याविषयी बोलत असाव्यात. 2010 मध्ये नॉटिंगहॅमशायरशी गुण बरोबरीत राहिले, पण विजय एकाने कमी पडले. 2016 मध्ये स्वतःचा सामना जिंकून सगळा संघ टाँटनला, आपल्या घरच्या मैदानावर, दूरचित्रवाणीसमोर बसला होता. लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशायर यांचा सामना अनिर्णित राहिला असता तर अजिंक्यपद सॉमरसेटचेच होते. परंतु त्याचा उपयोग त्या दोन्ही संघांना नसल्यामुळे त्यांनी 40 षटकांत 240 धावांचे लक्ष्य आपसांत ठरवले आणि शेवटी टोबी रोलंड-जोन्सच्या हॅटट्रिकने मिडलसेक्स जिंकले. ‘तो निकाल योग्यच होता,’ असे त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी पुस्ती जोडली, ‘पण मी अजून लॉर्ड्सला जात नाही.’ बाई सलग बोलत होत्या, त्यामुळे पहारेकऱ्याची तक्रार नव्हती.

त्यानंतर डर्बीशायरचे एक वृद्ध गृहस्थ आले. आमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचायला पंचवीसएक सेकंद लागत होते, आणि त्यांनी शेजारचा संगणक चालूच ठेवल्याने त्यांचेच शब्द त्यांना उशिरा ऐकू येत होते. तो बंद करवण्यात दोन मिनिटे गेली. नंतर ते म्हणाले की, पावसाचे काय घेऊन बसलात, मी बर्फामुळे थांबलेला सामना पाहिला आहे.

हा सामना 1975 सालचा, डर्बीशायरमधल्या बक्स्टन गावचा. शनिवारी लँकेशायरने 5 बाद 477 धावा केल्या, त्यात क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद 167 होत्या. सोमवारी, म्हणजे 2 जूनला, मैदान बर्फाने पांढरे झाले. मंगळवारी ऊन पडले, आणि वाळत जाणाऱ्या त्या खेळपट्टीवर डर्बीशायरचे दोन डाव 42 आणि 87 धावांत आटोपले. फलंदाजीला आलेल्या अ‍ॅश्ली हार्वे-वॉकरने आपली कवळी रुमालात गुंडाळून पंच डिकी बर्ड यांच्याकडे सांभाळायला दिली, हा किस्सा अनेकांना ठाऊक आहे. या गृहस्थांना मात्र तो सांगायचा नव्हता. ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर गेले होते. ‘सोमवारी खेळ रद्द झाल्याचे कळले तरी वडील उठले नाहीत,’ ते म्हणाले. ‘त्यांनी डबा उघडला, आणि...’

इथे ते थांबले. श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी घड्याळाकडे पाहिले नाही, कारण मीही त्या बाकावर जाऊन बसलो होतो. आठ सेकंद झाले आणि भाच्याची गिटार मोठ्या उत्साहाने वाजू लागली.

ती बंद करायला मला पुरते अर्धे मिनिट लागले, कारण घाईत मी गृहस्थांचाच फोन कापला. सहनिवेदक माझ्याकडे पाहत राहिले. वेळ भरून काढण्यासाठी मी काहीतरी बोलत सुटलो: त्याच आठवड्यात, 7 जूनला, लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी आमच्या सुनील गावसकरांनी पूर्ण 60 षटके खेळून नाबाद 36 धावा केल्या होत्या, वगैरे. सहनिवेदक शांतपणे म्हणाले, ‘तुमचा संगणक त्या दिवशी असता, तर त्याने गिटार किती वेळा वाजवली असती?’ मी हसलो. पण मनातून शरमलो होतो.

गृहस्थांचा फोन चार मिनिटांनी पुन्हा आला. ‘संगीत बरे आहे,’ ते म्हणाले, ‘पण माझे वाक्य संपलेले नव्हते.’ डब्यात दोनच सँडविच होती. वडिलांनी दोन्ही त्यांना दिली आणि स्वतः बर्फाकडे पाहत बसले. वडिलांना नुकतेच कामावरून काढले होते, हे त्यांना पुढे कित्येक दिवसांनी समजले.

त्या रात्री मी पहारेकऱ्याची मर्यादा चाळीस सेकंदांवर नेली. तंत्रज्ञ म्हणून हे बेजबाबदारपणाचे आहे, याची मला कल्पना आहे. खरोखरच वायर सुटली तर श्रोता चाळीस सेकंद थांबणार नाही.

पुढच्या शुक्रवारी लख्ख ऊन पडले आणि सांगण्याजोगे धावफलक खूप होते. मी ते वाचायला सुरुवात केली, तोच पहिला फोन आला. सॉमरसेटच्या त्याच बाई होत्या. डर्बीशायरचे गृहस्थ आज येणार आहेत का, एवढेच त्यांना विचारायचे होते.