तुम्ही विचारलंत म्हणून: पाखरांना रंग भरता का?

कॅमेरा कोणता हे कमीच जण विचारतात. जास्त करून विचारतात ते हे, की माझ्या पाखरांच्या फोटोत एवढे रंग येतात म्हणजे नंतर भरता ना? शेजारच्या काकू तर सरळ म्हणाल्या, "काहून रे भाऊ, आमच्या सांदवाडीत तं असं निळं पाखरू कधी दिसलं नाही बाप्पा!"

काकू, ते तुमच्याच परसातल्या शेवग्यावरचं आहे. तुम्ही ज्याला काळी चिमणी म्हणता ना, तोच जांभळा शिंजीर. त्याच्या पिसांत निळा रंग कालवलेला नसतोच, पिसांची आतली बारीक रचनाच अशी असते की ऊन बरोबर कोनातून पडलं की निळं-जांभळं चमकतं, आणि मान जराशी वळवली की संपलं, पुन्हा काळा. म्हणून मी सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसतो. तोच पक्षी समोरून ऊन येताना काढला तर नुसता कोळसा येतो, मग कॅमेरा लाखाचा असो की उसना. एक मात्र आहे, दिवाळीच्या आसपास बरेच नर मळकट झालेले असतात, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते आणि लोक त्याला मादी समजून सोडून देतात. जानेवारी-फेब्रुवारीत तोच परत झळकायला लागतो.

हे फोटो मी जास्त करून हिवाळ्यात काढतो. हिवाळाच का, तर आपल्या विदर्भात डिसेंबरात भर बारालाही सूर्य साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणजे ऊन तिरपं येतं आणि बराच वेळ कामाचं राहतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, पक्ष्याच्या पाठीवर पांढरं आणि पोटाखाली अंधार, त्यात आपली टाळकी तापतात ते वेगळंच.

थिरथिऱ्याला उन्हाची एवढी गरज नाही. तो ऑक्टोबरात उत्तरेकडून येतो, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगावर बसून शेपटी थरथरवतो, पोट विटकरी. हा रंग पिसांतल्या रंगद्रव्याचा, त्यामुळं सावलीतही येतो, नवख्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. नीळकंठ मात्र तारेवर बसलेला असला की अर्धा मातकटच दिसतो (दसऱ्याला त्याचं दर्शन घेणारेसुद्धा एरवी ओळखत नाहीत), खरा निळा पंख उघडल्यावर, म्हणून शटरचा वेग १/२००० सेकंदापेक्षा कमी ठेवत नाही आणि तो उडायची वाट बघत बसतो, हात आखडेपर्यंत.

आणि एडिटिंग? करतो की. फोटो कापतो, सावली थोडी उजळतो. रंगाचं म्हणाल तर हळद्या पक्ष्याच्या बाबतीत उलटंच करावं लागतं, त्याचा पिवळा कॅमेऱ्यात इतका भडक येतो की पिसाची रेघ न रेघ पुसली जाते, तो मी कमी करतो.