खुंट्यांमधलं अंतर

"बाबू, पानी बघ कसा आलाय!" चुलतीनं घागर ओटीवर टेकवली. आत अगदी चहा. मी भांडं बुडवून वर काढलं, तर तळाशी बोटभर गाळ बसला.

२२ जुलै २०२१, गुरुवार. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या डोक्यावर डोंगर आहे आणि त्याच्या पोटातून हा झरा येतो. वहाळ लाल होऊन वाहायचा, पण झरा ऐन श्रावणातही नितळ असायचा. तो आज गढूळ झाला, म्हणजे आत कुठेतरी माती सुटली होती.

मी गावचा पोलीस पाटील. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होतो, त्यातले दोन हिवाळे उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर काढले. तिथे आमचे उस्ताद आम्हाला आधी बर्फात खड्डा खणायला लावायचे. वरची लादी वाऱ्यानं ठोकून बसवल्यासारखी टणक असायची, फावडं टण्ण वाजायचं. हातभर खाली गेलं की मात्र साखरेसारखे सुटे दाणे. "ही साखर दिसली की वरच्या लादीवर भरवसा नाही," ते म्हणायचे. ताजा बर्फ पडला की वरचं वजन वाढतं आणि एका माणसाच्या पावलानंही सगळी लादी सुटू शकते. सगळ्यात धोक्याचा उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. मोठ्या हिमवर्षावानंतर एक-दोन दिवस गस्त बंद. जायचीच वेळ आली तर कमरेला लाल दोरी बांधून एकेकानं उतार ओलांडायचा. माणूस गाडला गेलाच तर दोरीचं टोक वर राहावं आणि शोधणाऱ्याला दिसावं, एवढ्यासाठी ती दोरी. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक माणसं वाचतात, पुढे आशा झपाट्यानं कमी होते.

आमच्याकडची साखर म्हणजे शेडी. कोकणात विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. वर जांभा दगड, त्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकट मातीचा थर. जांभा चाळणीसारखं पाणी खाली सोडतो, ते शेडीवर अडतं आणि शेडी ओल्या साबणासारखी होते. ही तुलना फार ताणायची नाही. बर्फ एका क्षणात सुटतो. डोंगर बऱ्याचदा आधी कुरकुरतो. फक्त ऐकायला वर जावं लागतं.

गमबूट घालून गेलो. काजूच्या मागे चंद्रकोरीसारखी भेग पडलेली होती. मनगटापर्यंत हात गेला. तीन काजू खालच्या बाजूला झुकले होते. भेगेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मधलं अंतर मोजलं : चौदा बोटं. दोन तासांनी पुन्हा मोजलं : सोळा.

तहसीलचा रेड अलर्टचा मेसेज आदल्या दिवशीच आला होता. आता फोनला रेंज नव्हती, वीज नव्हती. चिपळुणात पाणी भरलंय, एवढं कुणीतरी सांगत आलं. वाडीत अकरा घरं. शाळा कोरोनामुळे बंदच होती आणि किल्ली गुरुजींकडे, ते खेडला. कुलूप दगडानं फोडलं. त्याची नोंद वहीत आहे. दोन घरांत नुकताच आजार होऊन गेला होता, म्हणून बाकीचे त्यांच्यासोबत एका खोलीत बसायला तयार होईनात. शेवटी त्या दोन घरांना व्हरांडा दिला. पावसाची झड आत येत होती. आजही आठवलं की वाईट वाटतं.

चुलती हलेना. "सासऱ्यानी बांधलेला घर हाय ह्या. तुझ्या बर्फाचा मना नको सांगूस." लादी, शेडी, सोळा बोटं, सगळं सांगून झालं. शेवटी आत गेलो, देव्हाऱ्यातले टाक उचलून टोपलीत ठेवले आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागलो. दहा पावलांवर मागून गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. शिव्या देत येत होती, पण येत होती.

साडेचारच्या सुमारास जमीन पायाखाली थरथरली. मग आवाज आला, चिऱ्यांनी भरलेले दहा ट्रक एकदम रिकामे करावेत तसा. डोंगर आला, पण माझ्या भेगेतून नाही. पलीकडे वहाळाच्या बाजूनं आला. झरा, पाखाडी आणि दोन पोफळीच्या बागा घेऊन गेला. अकराच्या अकरा घरं उभी!

सकाळी एकजण म्हणाला, "पाटलानू, घरां तर हायत की." मी काय बोलणार?

दुपारी रेंज आली आणि तळियेची बातमी कळली. महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर गुरुवारीच संध्याकाळी डोंगर आला होता. पुढे मृतांचा आकडा ऐंशीच्या वर गेला. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. उलट पाटलाला बरोबर कळलं होतं, असं लोक सांगायला लागले. ते खरं नाही. मी एक उतार धरून बसलो होतो आणि आला दुसराच. मी धरलेला अजून तिथेच आहे.

नंतर भूवैज्ञानिक येऊन पाहून गेले. भेगेत चिकणमाती ठासा, वरून ताडपत्री घाला, पाणी चर खणून बाजूला काढा, असं त्यांनी सांगितलं. तेवढं आम्ही केलं. गणपतीला सगळे आपापल्या घरी परतले होते.

बांबू कुजले म्हणून आता लोखंडी सळ्या ठोकल्यात. पावसाळ्यात मी रोज सकाळी वर जातो. खालून चुलती ओरडते, "किती रे?"

"तेवढाच," मी सांगतो. परवा अर्धं बोट वाढलं होतं, तेव्हा तेही सांगितलं.

ती काही बोलली नाही. जून लागला की ती टाक टोपलीतच ठेवते, पूजाही तिथेच करते.