बुलेट येईल तेव्हा येईल

आमच्या सोलापुरात बुलेट ट्रेनचा विषय निघायला निमित्त लागत नाही. मुंबई–हैदराबाद हा प्रस्तावित मार्ग 711 किमीचा, पुणे-सोलापूरवरून जाणारा. तो नकाशावर आल्यापासून टपरीवरचा जो तो मनाने पुण्यात पोचलेलाच असतो. माझी गाडी मात्र काही रुळावर येत नाही, हायवेवरच घुटमळते.

वेगाचंच म्हणाल तर आमची सोलापूर–मुंबई वंदे भारत बघा. 2023च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ताशी 160 ने पळायची तिची ऐपत, पण मुंबईपर्यंतच्या 455 किमीला साधारण साडेसहा तास घेते. म्हणजे सरासरी सत्तर. गाडी झकास आहे हो, पण घाट आणि गर्दीचा मार्ग, तिथे तिचं काय चालणार? म्हणून बुलेटवाले म्हणतात, सगळंच नव्याने बांधा. रस्ता तर आहेच की बांधलेला, चौपदरी! पुणे अडीचशे किमी, कारला मर्यादा 100 ची. हिशेबाने अडीच तास. लागतात चारच्या वर.

वरच्या वेळातला थोडा हडपसर खातं. ते सोडा, त्यावर बोलून कोणाचं भलं झालंय?

बाकीचा वेळ कुठे जातो ते बघायचं असेल तर गळीत हंगामात रात्री टेंभुर्णीच्या पुढे गाडी घाला. डबल ट्रॉली, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर लोंबतोय, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर पाचटाखाली गुडूप, आणि टेप अशी दणाणतेय की तुमचा हॉर्न वाया. वर हा गडी समोरून येणार, राँग साईडने! शिव्या तोंडात येतातच. पण त्याने तरी करायचं काय? शेत इकडे, कारखान्याचा फाटा पलीकडे, वळायला जागा लांब, आणि डिझेल त्याच्या खिशातलं. सलग सर्व्हिस रोड आणि भरली ट्रॉली निघेल एवढा उंच बोगदा दिला, तर त्याला काय हौस आहे अंगावर यायची?

हायवे सुधारायचा म्हटलं की लोक आणखी दोन लेन मागतात. मी म्हणतो, आधी सावकाश जाणाऱ्याची सोय लावा, पळणारे आपोआप पळतील. पालखी मार्गावर वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट ठेवायचं सुचलंच की! शिवाय बुलेट माणसंच नेणार. चादरींचे गठ्ठे ट्रकनेच जाणार, आणि मोहोळ-इंदापूरचा माणूस एसटीनेच.

हे सगळं एका मित्राला तावातावाने ऐकवलं. त्याने शांतपणे चहा संपवला. "मुंबईला कशानं जातोस बे तू?"

"सिद्धेश्वर एक्सप्रेसने. रात्री आडवं झालं की सकाळी मुंबई."

"मग रस्त्याचं कौतुक कुणाला सांगतोस?"

"पुण्याला जाणाऱ्यांना," म्हटलं, आणि चहाचे पैसे मीच दिले.